नेल्सनची मेणबत्ती

आखातातल्या आमच्या अल मजाजच्या ट्रॅव्हल ऑफिसात आफ्रिकेची सफारी फक्त कॅमिला विकते. वसईची, बोलायला फटकळ. पहाटे गाईडबरोबर जंगलात पायी फिरणं, अंधारात जीपमधून बिबटे बघणं, सगळं ती असं रंगवते की क्लाएंट खुर्चीतच सरसावून बसतो. नदीतल्या होडीचा विषय आला की मात्र तिचा आवाज उतरतो. तिचा नवरा नेल्सन तिथेच होडीतून पडला. बॉडी मिळाली नाही, त्यामुळे वसईला कबर नाही, आणि ऑल सोल्सला, म्हणजे नोव्हेंबरातल्या मृतांच्या दिवशी, त्याच्यासाठी मेणबत्ती लावायला जागाही नाही. म्हणून नोव्हेंबरात तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ती एक मेणबत्ती देते आणि सांगते, नदीकाठी लावा.

मी कुलसुम, रत्नागिरीची, शेजारच्या टेबलावर बसते. असल्या गोष्टी मी मानत नाही, आणि हे तिला तोंडावर सांगितलंय.

परवा आमच्याच गावाकडची एक फॅमिली सफारीहून परतली. आई म्हणाली, "सॉरी हां, लावली पण लगेच विझली. वारा तर अजिबात नव्हता."

तिची छोटी दुआ मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, "द अंकल इन द वॉटर ब्लू इट आउट."

आईने तिला दटावलं. कॅमिला चिडून म्हणाली, "तसाच आहे तो. बर्थडे कोणाचाही असो, फुंकर ह्यानेच मारायची."

ते गेल्यावर तिने स्वतःच्या नावाने बुकिंग केलं. मी स्क्रीनवर पाहिलं. पायी फिरणं नाही, जीप नाही. फक्त होडी, दोघांसाठी.