वाडीपुरता बाप

हल्ली कुणी जुन्या काळच्या मर्यादेचं कौतुक करायला लागलं की मी उठून बाहेर जातो. लग्नाच्या पंगतीत असो, देवळाच्या पारावर असो. 'काय तो धाक, मुलगा बापापुढे मान वर करत नसे' हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी त्या धाकात वाढलो आहे. त्यानं माझं काय नेलं ते मला माहीत आहे आणि ते मी आज लिहून टाकणार आहे. कुणाला वाईट वाटलं तर वाटो.

श्रीवर्धनला आमची नारळ-सुपारीची वाडी होती. पुढे घर, मागे वाडी, वाडीच्या टोकाला विहीर आणि विहिरीवर रहाट. देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती. माझी अजून तिशी उलटली नव्हती, लग्न झालेलं होतं, एक मुलगी होती. आणि स्वतःच्या घरात स्वतःच्या मुलीला कडेवर घेण्याची मला मुभा नव्हती.

असा नियम कुणी भिंतीवर लिहून ठेवला नव्हता. तो सगळ्यांना ठाऊकच असे. वडीलधाऱ्यांदेखत पोटच्या पोराला घ्यायचं नाही, त्याच्याशी लाडानं बोलायचं नाही, ते रडलं तरी आपण उठायचं नाही. उठलं तर तो निर्लज्जपणा. भावाचा मुलगा सुट्टीत माणगावहून आला की त्याला खांद्यावर बसवून मी बाजारभर हिंडलो तरी लोक म्हणत, काका किती मायाळू! आणि स्वतःच्या मुलीचं नाक पुसलं की ओटीवरच्या झोपाळ्यावरून वडील खाकरत. एकदाच. तेवढं पुरे असे. मी पंचा खांद्यावर टाकून बाजूला होत असे. बायकोशीसुद्धा त्यांच्यादेखत बोलायची सोय नव्हती. काही हवं असलं तर स्वयंपाकघराच्या दिशेला तोंड करून 'आत कोण आहे?' असं विचारायचं. आत कोण आहे ते मला माहीत नव्हतं का? पण विचारायचं तसंच.

मुलगीही मला बाबा म्हणत नसे. घरात सगळे मला भाऊ म्हणत, म्हणून तीही भाऊच म्हणे.

मग मी काय केलं? लपलो. रोज सकाळी वाडीला पाणी द्यावं लागे, ते काम माझ्याकडे होतं, आणि वडील गुडघ्यांमुळे विहिरीपर्यंत येत नसत. मुलगी चालायला लागल्यापासून मी तिला बरोबर न्यायला लागलो. घरातून निघताना ती दहा पावलं मागे असे. न्हाणीघर मागे पडलं, सुपारीच्या पोफळी दाट झाल्या, की ती धावत येऊन माझ्या पायाला मिठी मारी आणि मी तिला उचलून घेई. रोज. पाऊस सोडून सगळे महिने.

तो तास-दीड तास मला जन्मात कधी पुन्हा मिळाला नाही. बैल जुंपलेल्या रहाटाच्या आडव्या दांडीवर, लाटेवर, मी तिला बसवी, बैल गोल फिरे, आणि ती आजीकडून उचललेल्या शिव्या बैलाला घाली. 'चल रे मेल्या, तुला काय मुहूर्त काढून देऊ?' बैल बिचारा शेपूट हलवी. गाडग्यांतलं पाणी पाटात पडायला लागलं की ती खाली उडी मारे आणि कोरड्या पाटातून पाण्यापुढे पळत सुटे. पाण्यानं टाच गाठली की ती हरली. हरल्यावर आळ्याच्या कडेला फतकल मारून बसे आणि मलाच रागावे, 'तू बैल जोरात का हाकलास?' गळून पडलेल्या झावळीच्या बुडाचं ते रुंद, जाड पान, आम्ही त्याला विरी म्हणतो, त्यावर तिला बसवायचं आणि झावळीला धरून वाडीभर ओढायचं, हा रोजचा शेवटचा कार्यक्रम. मग एक शहाळं. पाणी मी प्यायचं, मलई तिनं खायची. तोंड धुवायचं, हात सोडायचा, आणि घराकडे निघायचं. न्हाणीघर दिसलं की ती आपणहून मागे राही. हे तिला मी शिकवलं होतं. माझ्या तोंडानं शिकवलं होतं.

आमच्याकडे सुपारी पाडायला एक गडी येई. त्याची मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची. तो तिला मानेवर बसवून समुद्रावरून, बाजारातून, माझ्या वडिलांच्या समोरून खुशाल येई. वाडीत आमचा खेळ बघून तो हसे.

"तुमची तऱ्हा काय कळत न्हाय बगा, भाऊ. पोर तुमचीच हाय, चोरून आनल्यासारकी का खेळवता?"

"तुला नाही कळायचं ते," मी म्हणत असे. शहाणपणानं म्हणत असे, याचा मला आज सर्वांत जास्त संताप येतो.

ती पाच वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती, सुपारी पाडायला सुरुवात झाली होती, अंगणात सुपारी वाळत पसरली होती. ओटीवर वडील आणि गावातले दोन वयस्कर गृहस्थ बोलत बसले होते. मी खांबापाशी उभा होतो, कारण वडिलांसमोर मी बसत नसे. गडी खाली सुपारी वर-खाली करत होता. मुलीनं कोपऱ्यातल्या जुन्या गोणत्याखाली हात घातला आणि किंचाळली.

ती धावत सुटली ती सरळ माझ्याकडे. अंगणात गडी होता, त्याला ओलांडून. ओटीवर आजोबा होते, त्यांना ओलांडून. दोन्ही हात वर करून, "भाऊ, चावलं, भाऊ!"

माझे हात पुढे आले. मग झोपाळ्याची कडी करकरली आणि मी ते हात मागे नेले. पाठीमागे एकात एक अडकवले. आणि घराकडे तोंड करून ओरडलो, "आत कोण आहे?"

ती माझ्या गुडघ्यांपाशी हात वर करून उभी होती. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. गड्यानं गोणता उलटा केला आणि तो ओरडला, "इंचू! तांबडा हाय!"

आमच्या भागातला तांबडा विंचू म्हणजे काय ते तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यानं गावातली पोरं गेलेली होती. तरी मी हात सोडवले नाहीत. गड्यानं तिला उचललं आणि तो बाजारातल्या डॉक्टरकडे पळत सुटला. बायको उंबऱ्यात येऊन थांबली. तिला तर उंबऱ्याच्या पुढे पाऊल टाकायची परवानगी नव्हती. आणि मी? मी खुंटीवरची टोपी घेतली. बाजारात बोडक्यानं जायचं नाही, हीसुद्धा मर्यादाच. टोपी नीट बसवली आणि मग पळालो, रिकाम्या हातांनी, दुसऱ्याच्या खांद्यावरचं माझ्या मुलीचं तोंड बघत.

डॉक्टरांच्या दारात गड्यानं तिला माझ्यापुढे धरलं.

"घ्या आता. हितं तुमचं कोन बगत न्हाय."

त्यानं माझ्या तोंडात मारली असती तरी एवढं लागलं नसतं. मी तिला घेतलं. तिचे हातपाय गार पडले होते, अंग घामानं निथळत होतं, दोनदा उलटी झाली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. दिवेलागणीपर्यंत ती माझ्या मांडीवर होती आणि मी तिचे तळपाय चोळत होतो. मग पायांत ऊब यायला लागली. डॉक्टर म्हणाले, वाचली. मी रडलो. तिथे रडायला हरकत नव्हती, तिथे आमचं कोणी नव्हतं ना!

चार दिवसांनी वडिलांनी मला हाक मारली. झोपाळा थांबवून म्हणाले, "त्या दिवशीचे ते दोघं सांगत होते, मुलगा मर्यादेतला आहे हो तुमचा. एवढं झालं, पण पायरी सोडली नाही."

वडिलांनी मला आयुष्यात शाबासकी दिली ती तेवढीच. आणि माझी छाती फुगली. हे लिहिताना स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटते, पण खोटं कशाला लिहू? फुगली.

ती हिंडाफिरायला लागल्यावर मी तिला पुन्हा वाडीत नेलं. न्हाणीघर मागे पडलं, पोफळी दाट झाल्या. ती धावत आली नाही. मी वळून हात पुढे केले. ती थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि तिनं आपले हात पाठीमागे नेले. एकात एक अडकवले. अगदी माझ्यासारखे. मला आधी हसूच आलं. म्हटलं नक्कल करतेय. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पाणी पाटात पडलं की ती पाटाच्या कडेनं पाण्याबरोबर चालत जाई. बैलाला शिव्या नाहीत. शहाळं फोडून दिलं तर मुकाट्यानं खाई. मला वाटलं रुसली आहे, जाईल रुसवा. माझ्या वडिलांसारखंच मीही समजलो, की पोरांना काय कळतंय?

आठव्या दिवशी माझं डोकं फिरलं. बैल रहाटाला तसाच सोडला, तिच्याकडे गेलो आणि तिला उचललं. ती लाकडासारखी ताठ झाली. "चल," म्हटलं, आणि घराकडे निघालो. न्हाणीघर आलं तेव्हा ती उतरायला धडपडली. मी सोडली नाही. तिच्या पायांचा चिखल माझ्या सदऱ्याला लागत होता. अंगण ओलांडून मी ओटीच्या पायऱ्या चढायला लागलो. वडील झोपाळ्यावर होते.

ती माझ्या कानाशी आली. "भाऊ, खाली ठेव ना. आजोबा बघतायत. ते तुला बोलतील."

म्हणजे ती रुसली नव्हती. ती मला सांभाळत होती. आपल्या बापाला आपल्याला घ्यायची भीती वाटते, एवढं त्या पोरीनं विंचवाच्या वेदनेत ओळखलं होतं. बाप अडचणीत येऊ नये म्हणून ती आठ दिवस हात मागे बांधून फिरत होती, वाडीतसुद्धा, कारण कोण कुठून बघत असेल याचा तिला आता भरवसा नव्हता.

वडील खाकरले. मी उभा राहिलो. ते पुन्हा खाकरले.

"खाली ठेव तिला."

"नाही ठेवत."

हे मी त्यांना जन्मात पहिल्यांदा म्हणालो. त्यांनी पायाच्या अंगठ्यानं झोपाळा थांबवला. माझ्याकडे न बघता तिच्या चिखलाच्या पायांकडे बघत राहिले.

"हात आम्हालाही होते," ते म्हणाले.

"मग घ्यायचं होतंत मला."

त्यांनी अंगठ्यानं झोपाळा पुन्हा हलवला. त्यांचं ते हातांचं बोलणं मी कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, अरेरे, बिचाऱ्या म्हाताऱ्याच्याही मनात होतं तर! मला कीव आली नाही. माझा राग वाढला. त्यांनाही हवं होतं, म्हणजे आपण पोराकडून काय काढून घेतोय ते त्यांना पुरतं कळत होतं. कळत असताना ते खाकरले. माझ्यावर खाकरले, आणि त्यांच्यावर त्यांचे वडील खाकरले असणार. आणि मी हात मागे बांधले, माझी पोर विंचू चावून समोर उभी असताना.

मी तिला घेऊन तिथेच उभा राहिलो. ती अंगानं भरायला लागली होती, माझा हात भरून आला. अजून वर्ष-दोन वर्षं, मग ती कडेवर मावणार नव्हती. तरी मी हलत नव्हतो. ती गळ्यात हात टाकील म्हणून मी थांबलो होतो. तिनं टाकले नाहीत. मी खाली ठेवेपर्यंत ती सगळा वेळ झोपाळ्याकडे बघत होती.