पट्टीबाई आणि तापवलेलं दूध

पट्टीबाई दारात आल्या तेव्हा मी माझ्या सुनेचं दूध गॅसवर तापवत होते. म्हशीचं नव्हे, सुनेचं. माझी नात पावणेदोन महिने आधी जन्मली होती आणि मोहोपाड्याच्या बाजूच्या एका दवाखान्यात काचेच्या पेटीत पडून होती. तिच्यासाठी सुनेने चार दिवस थेंब थेंब काढून, झाकणाच्या वाट्यांत भरून, ते दूध फ्रीजच्या वरच्या कप्प्यात गोठवलं होतं. त्या दिवशी पहाटेच कुठेतरी खांब पडला आणि लाइट गेली. आम्ही भिवपुरीचे. वीज आमच्या उशाला तयार होते आणि आमच्या डोक्यावरून परस्पर पुढे जाते, त्यामुळे अंधाराची आम्हाला सवय आहे. दुपार झाली तरी लाइट येईना. दूध नासेल म्हणून मी सगळ्या वाट्या एका पातेल्यात ओतल्या आणि गॅस पेटवला. पन्नास वर्षं घरात आलेलं प्रत्येक दूध मी तापवलेलं आहे. साय धरते का, तेही बघत होते.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी गॅस बंद केला, रिकाम्या वाट्या मोजल्या आणि विचारलं, "वहिनी, ओतलंत तवा वाटीत बर्फ होता का?"

"होता. खडे होते."

"मग ते नासलं नव्हतं. बर्फ दिसतोय तोवर चालतं. आता नाय चालायचं."

त्या खाली बसल्या. उभ्या बाईंनी केलेला अपमान मला सवयीचा होता. बसलेल्या बाई मी पहिल्यांदाच बघितल्या.

पावडरचं दूध नातीला दोनदा दिलं होतं आणि दोन्ही वेळा तिचं पोट फुगलं होतं. आता आईचंच आणा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सुनेच्या सिझरच्या टाक्यांत पू झाला होता, ताप होता, म्हणून तिला घरी पाठवलं होतं. दोन दिवसांपासून तिचं दूधही कमी झालं होतं. मुलगा रोज सकाळी कंपनीत जाताना दवाखान्यात दूध पोचवायचा. त्या दिवशी त्याने नेलेलं संध्याकाळपर्यंत पुरणार होतं. त्यापुढचं सगळं माझ्या पातेल्यात होतं, छान उकळलेलं.

पट्टीबाई हे त्यांचं नाव नव्हे. त्या खालापूरकडच्या, आरोग्य केंद्रात नर्स होत्या आणि रिटायर झाल्यावर आमच्या आळीत घर बांधून राहिल्या. दाराची कडी कधी वाजवली नाही, "जयभीम" म्हणत सरळ आत यायच्या. पर्समध्ये जखमेला लावतात ती पांढरी चिकटपट्टी आणि निळं पेन कायम असायचं. दिसेल त्या वस्तूवर पट्टी चिकटवून लिहायच्या. त्यांच्या घरी साखरेच्या डब्यावर ‘साखर’ आणि मिठाच्या डब्यावर ‘साखर नाही’ असं होतं. दारावरच्या बेलवर ‘वाजत नाही, हाक मारा’. विचारलं तर म्हणायच्या, "माझ्यावर भरवसा ठेवू नका, पट्टीवर ठेवा. मी विसरते, पट्टी नाय विसरत."

माझे यजमान गेले त्या आठवड्यात आळीतल्या सगळ्या बायका माझ्याजवळ बसून रडून गेल्या. त्याचा काही उपयोग झाला नाही. पट्टीबाई आल्या आणि यजमानांच्या औषधांच्या बाटल्या काढून निम्म्यांवर ‘टाकून द्या’ आणि निम्म्यांवर ‘वहिनींना चालेल’ असं लिहून गेल्या. ते खोकल्याचं औषध मला पुढे दोन हिवाळे पुरलं.

नातीचं कळलं तसा बाईंनी आमच्या फ्रीजचा ताबा घेतला. वरच्या कप्प्यात माझे सुके बोंबील होते. "बोंबलांनी दुसरं घर बघावं," म्हणाल्या आणि पिशवी माझ्या हातात दिली. वाट्या उकळून घेतल्या, प्रत्येक वाटीवर पट्टी लावली. तारीख, वेळ, किती. एका वाटीवर लिहिलं होतं, ‘मंगळवार, सकाळी सात, रडत काढलं. दूध चांगलं आहे.’ एवढं सगळं लिहिलं, पण ‘तापवू नये’ हे लिहिलं नाही. तशी गरज पडेल असं त्यांना वाटलं नसावं. माझ्याबद्दल त्यांचं मत तेवढं तरी चांगलं होतं.

मुलाने कर्जतहून हाताने दाबायचा पंप आणला. आमच्याकडे पंप म्हणजे विहिरीवरचा. माझी जाऊ समाचाराला आली ती हसायच्या तयारीनेच. "पंप आनलाय म्हनं. किती हॉर्सपावरचा गं? सुनंला गोठ्यात बांदलीस का?"

मलाही तसंच वाटत होतं. पट्टीबाई वाटी पुसत म्हणाल्या, "गोठ्यातलीला दोन वेळ पेंड मिळते आनि टोमनं मारायला कोन येत नाय. सोय चांगली हाय."

"पन काढून ठेवलेलं म्हंजे शिळंच की वो."

"शिळं काय असतं ते तुमच्याकडं बारशाला जेवले तवा कळलंय मला."

जाऊ त्यानंतर महिनाभर आली नाही. बाईंनी आमच्यावर केलेल्या उपकारांत मी हाही धरते.

तर त्या दुपारी बाई थोडा वेळ बसल्या आणि उठून सुनेच्या खोलीत गेल्या. मला वाटलं, वीज गेली म्हणून दूध खराब झालं असं काहीतरी सांगतील. मी तसं हळूच सुचवलंही. बाईंनी माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही.

"पोरी, सासूनं दूध तापवलं. मुद्दाम नाय, अक्कल तेवढीच हाय. रडायचं तर दहा मिनटं रड, मी घड्याळ लावते. मंग आपल्याला काम हाय."

सून रडली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ती रडली असती, मला शिव्या दिल्या असत्या, तर मला उत्तर देता आलं असतं. भिंतीकडे बघणाऱ्या माणसाला काय बोलायचं ते चौथीपर्यंत शिकवत नाहीत, आणि माझी शाळा तेवढीच.

मग तिला बसवलं. पंप लावला. पाऊण तास दाबला तेव्हा वाटीचा तळ ओला झाला. सून म्हणाली, "बाई, नाय येत. आटलं." बाईंनी पंप काढून कोपऱ्यात ठेवला. "यंत्राला पान्हा फुटत नाय," म्हणाल्या आणि मला हाक मारली. "काल तुमच्या पोरानं बाळाचं दुपटं आणलं होतं ते कुठंय?"

"धुवायला काढलंय."

"भिजवलं?"

"नाय अजून."

"आळसाचा उपयोग झाला. आना हिकडं."

दुपटं मळकं होतं, त्याला औषधाचा आणि आंबूस असा वास येत होता. बाईंनी ते सुनेच्या खांद्यावर, नाकाजवळ टाकलं. गरम पाण्यात फडका पिळून घेतला. मी बघत उभी होते तर म्हणाल्या, "तुमी बाहेर बसा. तुमचं तोंड बघून म्हशीचं आटंल."

मी ओट्यावर बसले. आतून सुरुवातीला काहीच ऐकू येत नव्हतं. मग बाईंचा आवाज आला. काय बोलत होत्या ते नीट कळलं नाही. बाळाचे कान कुणासारखे आहेत, केस किती आहेत, असलं काहीतरी विचारत होत्या. दवाखान्यातून आल्यापासून सुनेला हे कुणी विचारलं नव्हतं. आम्ही सगळे वजनच विचारत होतो. सून आधी एकेक शब्द बोलली, मग बोलतच राहिली आणि बोलता बोलता रडायला लागली. तासाभराने बाई बाहेर आल्या. हातात झाकलेली वाटी होती, अर्ध्याला थोडी कमी. तेवढ्यात माझा एक कप चहा झाला नसता.

"चला," म्हणाल्या.

"मी कशाला?"

"पाप फेडायला नाय. पिशवी धरायला."

नाक्यावरच्या गोळेवाल्याकडून बर्फ घेतला, रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये भरला आणि त्यात वाटी बसवली. टमटमने कर्जत, तिथून दुसऱ्या गाडीने पुढे. बाईंनी थर्मास मांडीवरून खाली ठेवला नाही. समोर बसलेल्या एका माणसाने विचारलं, "मावशी, कुल्फी हाय का?"

"दूध हाय. पन तुमचं वय नाय बसत."

तो माणूस चौक गाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला.

दवाखान्यात पोचलो तेव्हा सहा वाजायचे होते. खिडकीतल्या नर्सने वाटीवरची पट्टी वाचली. आईचं नाव, तारीख, वेळ सगळं होतं. एक शब्द न विचारता तिने वाटी आत नेली. आम्हाला काचेतून बघू दिलं. मी नातीला तेव्हा पहिल्यांदा बघितलं. उंदराएवढी होती. नर्सने नळीत दूध सोडलं. माझ्या डोळ्यांच्या औषधाच्या बाटलीत असतं तेवढं असेल. ते खाली उतरायला किती वेळ लागला सांगता येत नाही. मी नळीकडे बघत होते. तिचं पोट फुगलं नाही. आम्ही तासभर तिथेच उभ्या होतो, तरी फुगलं नाही.

बाई म्हणाल्या, "तोंडावळा तुमच्यावर गेलाय. वजन वाढलं की सुधरंल."

घरी आल्यावर त्या तापवलेल्या दुधाचं काय करायचं ते मी विचारलं. आईचं दूध मोरीत ओतायचं नसतं, एवढं मलाही ठाऊक होतं. "झाडाच्या मुळाशी घाला," म्हणाल्या. मागच्या शेवग्याला घातलं, सायीसकट.

पुढे तीन आठवडे बाई रोज आल्या. लाइट आली होती, वाट्या परत भरल्या, दुपटी रोज न धुता येत राहिली. त्या दुपारबद्दल त्यांनी मला पुन्हा एकदाही ऐकवलं नाही. इतर हजार गोष्टींवरून ऐकवलं. सुनेनेही कधी विषय काढला नाही. सुनेचं न बोलणं मला बाईंच्या बोलण्यापेक्षा जड गेलं, हे खरं आहे. ते कमी व्हायला वर्ष लागलं.

आता आळीतल्या दोन-तीन पोरी बाळंतपणानंतर कामावर जायला लागल्या की दूध कसं काढून ठेवायचं ते मला विचारायला येतात. मी त्यांना काय करावं ते शिकवत नाही. काय करू नये ते सांगते. ती माहिती माझ्याकडे भरपूर आहे.

नात घरी आली त्याच्या पुढच्या वर्षी पट्टीबाईंना पोटाचा आजार निघाला. बरेच दिवस दुखत होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. आम्हाला प्रत्येक गोष्टीची वेळ लिहायला लावणाऱ्या बाईने स्वतःच्या दुखण्याची वेळ लिहिली नाही. मी भेटायला गेले. खाटेशी जाऊन बसले. म्हणाल्या, "तोंड पाडून बसायचं असंल तर बाहेर बसा, वहिनी. हिथं आधीच उजेड कमी हाय." मी आतच बसले. चार महिन्यांत गेल्या.

त्या दुपारी आम्ही चौघी होतो. त्यातल्या पट्टीबाई गेल्या. सून मोहोपाड्याला नोकरी करते. मी आहे. नात जगली, सहा वर्षांची आहे.