बंद पडायचं निमित्त

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी कापडे गावातल्या माझ्या घरी पडवीत वाल सोलत बसले होते. सुनंदा माझी भावजय. तिच्या आवाजात रडणं नव्हतं, नुसता गोंधळ होता. "ताई, हे उठत नाहीयेत," एवढंच ती म्हणाली. मी महाडला पोचले तोवर घर माणसांनी भरलं होतं आणि माझा धाकटा भाऊ मिलिंद बाहेरच्या खोलीत पांढऱ्या चादरीखाली निजला होता. त्याला इतका स्वस्थ मी कधी पाहिलाच नव्हता. झोपेतही त्याचा एक पाय हलत असायचा. आताही हलेल, असं वाटून मी त्या पायाकडे बघत राहिले... जलदान विधी होऊन काही आठवडे झाले. भेटायला येणारी माणसं कमी झाली. मला मात्र अजून एका जागी बसवत नाही. चहा टाकते आणि अंगणात जाते, अंगणातून परत आत येते. हे माझ्यात कुठून आलं, ते मला ठाऊक आहे.

आमचं मूळ गाव तुडील, सावित्रीच्या काठचं. शाळेत एका जागी बसला नाही म्हणून मिलिंदला दर दोन दिवसांनी वर्गाबाहेर काढत. आई म्हणायची, "पायाला भिंगरी हाय गो ह्याच्या. देवानं घडवताना खाली ठेवलाच नाय ह्याला." पुढे तोच मुलगा महाडच्या एका कचेरीत कारकून झाला आणि दिवसभर खुर्चीत बसायची पाळी त्याच्यावर आली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्याने दाऊदचाचांकडून त्यांची जुनी बुलेट घेतली. चाचांचा मालवाहतुकीचा धंदा होता, मुलगा आखातात गेला होता, गाडी ट्रकच्या टायरांमागे धूळ खात पडली होती. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. सुरू करायची तर आधी दिव्यावरच्या मीटरचा काटा मधोमध आणायचा, मग सगळं अंग घालून एकच किक. ती चुकली तर गाडी उलटी लाथ मारायची. हल्ली अशा गाड्यांचं फार कौतुक होतं, तिचा आवाज, तिची ऐट, टाकीवरच्या सोनेरी रेघा. मिलिंदला त्यातलं काही नव्हतं. त्याने ती कधी नीट पुसलीसुद्धा नाही. मी एकदा विचारलं, "एवढं काय आहे रे हिच्यात?" तर म्हणाला, "ताई, हिच्यावर बसलं की डोकं गप होतं. हाताला काम, पायाला काम, कानाला काम. विचार करायला जागाच उरत नाय."

मी गाड्यांबद्दल जे काही सांगू शकते, ते मागच्या सीटवरून. बुलेटची सीट बैठी आणि रुंद, साडी नेसून एका बाजूला बसलं तरी ओट्यावर बसल्यासारखं वाटायचं. पाय टेकायला पत्र्याची फळी, पदर चाकात जाऊ नये म्हणून जाळी. पुढे त्याने घेतलेली नवी गाडी फार चांगली होती, हे मी आधीच सांगते. ब्रेक लावला की जागच्या जागी उभी, पावसात घसरत नाही, तेल गळत नाही. पण तिची मागची सीट म्हणजे पोपटाची दांडी. चालवणारा खाली, मी वर, आणि मध्ये वारा. त्याच्या पाठीशी बोलायचं म्हटलं तरी वाकावं लागायचं.

जुन्या गाडीवरचा एक प्रवास मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझं लग्न भोरकडच्या एका गावात झालं होतं. दोन वर्षं मी माहेरी सगळं बरं असल्याचं सांगत होते. नवरा हात उचलायचा, शाळेतली नोकरी त्याने सोडायला लावली होती. बाबांच्या आजारपणाचा निरोप घेऊन मिलिंद मला न्यायला आला आणि आम्ही वरंधच्या घाटाने निघालो. दोन दिवसांनी मला परत पोचवायचं, असं सासरी ठरलेलं होतं. घाटमाथ्यावर गाडी बंद पडली. प्लगला काजळी धरली, म्हणाला. मी कठड्यावर बसले. तो माझ्याकडे पाठ करून गाडीपाशी उकिडवा बसला, प्लग काढला, फडक्याने पुसला, फुंकला, परत बसवला, परत काढला. खाली दरीत ऊन होतं. मग त्या पाठीकडे बघत मी बोलायला लागले... एकदा सुरू झाले ते थांबलेच नाही. त्याने वळून बघितलं असतं, तर मी गप्प झाले असते. तो वळला नाही. माझं बोलणं संपल्यावर फडकं खिशात कोंबत म्हणाला, "परत जायचं नाय. बाबांना मी सांगतो." एका किकेत गाडी सुरू झाली. मी परत गेले नाही. पुढच्या वर्षी मला कापड्याच्या शाळेत नोकरी मिळाली आणि निवृत्त होईपर्यंत मी तिथेच शिकवलं.

तीन वर्षांपूर्वी शेवाळावरून घसरून मिलिंदचा उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी किक मारायला मनाई केली. बुलेट घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली आणि दारात बटणाची नवी गाडी आली. ती घेऊन तो पहिल्यांदा माझ्याकडे आला, तो पाऊण तासाच्या वाटेवर अर्ध्या तासात. आला तसा अंगणात येरझाऱ्या घालायला लागला. "लय लवकर पोचतो गो ताई. वाटेत काय घडतच नाय." मग हसून म्हणाला, "हिला बंद पडायचं निमित्तच नाय. त्या दिवशी घाटात बुलेट तर पाच मिनिटांत नीट झाली होती." इतकी वर्षं ही गोष्ट त्याने पोटात ठेवली होती. "तू काहीतरी सांगशील असं वाटलं," तो म्हणाला, "म्हणून पुसत बसलो."

आमची शेवटची भेटही नव्या गाडीवरच झाली. मी दातांच्या डॉक्टरांकडे महाडला गेले होते आणि तो मला कापड्याला सोडायला निघाला. निघताना म्हणाला, "जरा बोलायचंय तुझ्याशी. वाटेत बोलू." हमरस्ता आता केवढा रुंद झालाय. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, कानात वारा. पोलादपूर कधी आलं आणि गेलं, कळलं नाही. माझ्या दारात त्याने गाडी उभी केली, बंद केली नाही. "काय बोलणार होतास?" मी विचारलं. त्याने हेल्मेटची काच वर केली, माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. "नाय गो, काय विशेष नाय. रविवारी येतो." त्या रविवारच्या आतच सुनंदाचा फोन आला.

विधीनंतर तिनेच मला सांगितलं. मिलिंद एकटाच मुंबईला जाऊन तपासून आला होता. हृदयाची शस्त्रक्रिया लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. फाइल तिला कपाटात मिळाली. "मला कसं सांगावं, हे आधी तुम्हाला विचारणार असतील, ताई. मी लगेच घाबरते ना," असं म्हणून ती तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने रडली. अजूनही मी मनातल्या मनात पोलादपूरच्या चहाच्या टपरीपाशी त्याला थांबवते. कधी तो सांगतो, कधी तिथेही उडवून लावतो...

बुलेट घ्यायला पुण्याचा एक तरुण येऊन गेला. त्याच्याकडे अशा पाच-सहा गाड्या आहेत, सगळ्या आरशासारख्या. सुनंदा म्हणाली, "देऊन टाकूया. जन्मभर तेलाचे डाग पुसले मी. मला नाही कधी आवडली ती." मिलिंदची मुलगी प्राची तेव्हा तिथेच होती. ती मुंबईत नर्स आहे, रजा घेऊन आली होती. दुसऱ्या दिवशी ती दाऊदचाचांच्या नातवाच्या गॅरेजमध्ये बुलेट टेम्पोत घालून घेऊन गेली आणि ती दुरुस्त करवून चार दिवस तिथेच किक मारायला शिकली. पोटरी काळीनिळी करून घेतली. आईला म्हणाली, "आत्ता नको देऊस. मी जाईपर्यंत तरी."

मागच्या रविवारी तिने मला महाडहून कापड्याला सोडलं. मी मागे, तशीच एका बाजूला बसून. बाजूने नव्या गाड्या सूं करत जात होत्या, आम्ही आपलं कडेकडेने. डाव्या पायाने गिअर टाकायची तिची सवय जाता जात नव्हती. दोनदा चुकून ब्रेकच लागला, मागच्या टेम्पोवाल्याने शिव्या घातल्या. पोलादपूर ओलांडल्यावर ती मान न वळवता म्हणाली, "आत्या, बाबांनी तुला काही सांगितलं होतं?"

"नाही ग."

"मलाही नाही. मी नर्स असून."

गाडी सुरेख चालली होती, कुठेही अडली नाही. कापडं आलं. माझं घर रस्त्यालाच आहे, पडवीत वाळत घातलेली माझी साडी दिसली. प्राचीने वेग कमी केला नाही आणि मी थांब म्हणाले नाही. घर मागे गेलं, भातखाचरं गेली. समोर घाट सुरू होत होता. तिने गिअर उतरवला, या वेळी न चुकता, आणि मी तिच्या खांद्यावरची पकड घट्ट केली.