खंडेनवमीचा संगणक

आमच्या समाजशास्त्र विभागात एकच संगणक होता, तोही विभागप्रमुख सरांच्या केबिनमध्ये, भरतकाम केलेल्या कापडाखाली. मी तेव्हा एम.फिल. करत होते, रोज जयसिंगपूरहून एसटीने यायचे. इचलकरंजीत यंत्रमागांवर राबणाऱ्या बायकांवरचा माझा निबंध दिल्लीच्या परिसंवादात वाचायची संधी होती. त्यासाठी पानभर गोषवारा ई-मेलने पाठवायचा होता, आणि मुदत त्या दिवशी संध्याकाळी पाचला संपणार होती. गोषवाऱ्याची फ्लॉपी पर्समध्ये होती.

नेमकी खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी अवजारं पुजायची आणि मग त्यांना कामाला लावायचं नाही. केबिनमध्ये गेले तर कापड निघालेलं, मॉनिटरवर कुंकवाचं बोट, कीबोर्डवर झेंडू.

“सर, पाचच मिनिटं.”

“पूजा झालीय आता. परवा या की,” म्हणत सरांनी माझ्या हातावर पेढा ठेवला.

पेढा मुठीत धरून मी समोरच्या संख्याशास्त्र विभागात धावले. तिथे वीस संगणक. हार फक्त दाराजवळच्या एकाला, बाकीचे सुरू, आणि त्यांवर पोरं पत्ते खेळत बसलेली. माझं डोकंच फिरलं. ज्यांच्याकडे वीस, त्यांची नवमी एकावर भागत होती.

“ताई, भायेरच्या विभागाला परवानगी न्हाय. तुमच्या सायबांची चिठ्ठी आणा, मग बसा की,” तिथले सहायक म्हणाले.

परत पळाले. केबिनला कुलूप, सर घरी गेलेले. रिक्षाने शाहूपुरीतलं इंटरनेटचं दुकान गाठलं, तर तेही पूजा करून बंद. पाच वाजून गेल्यावर स्टँडवर उभी होते, हात पेढ्याने चिकट. अंगातली घाई काही केल्या जाईना, आणि घाई करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दिल्ली राहिली ती राहिलीच.

सरांना तो संगणक सुरूच करता येत नव्हता, हे त्यांनीच निवृत्तीच्या दिवशी मला सांगितलं. राग थोडा उतरला, गेला नाही.

पुढे त्याच विभागात मी शिकवू लागले, टेबलावर संगणक आला. खंडेनवमीला सकाळीच एखाद्या विद्यार्थिनीला मी त्यावर बसवते. शिपाईमामा हार घेऊन दारात येतात. “म्याडम, पूजा कराय पायजे की.”

“करा. ती उठणार नाही.”

मग मामा तिच्या बोटांना अडचण होणार नाही असं बघून कीबोर्डच्या कडेला झेंडू ठेवतात.