क्लचमामांची न घेतलेली गाडी

क्लचमामा गाडीत बसले की आधी चपला काढायचे. पायाखालच्या चटईच्या कोपऱ्यात त्या जोडीने सरकवायचे, अनवाणी डावा पाय क्लचवर ठेवायचे आणि मगच किल्ली फिरवायचे. उन्हाळ्यात पेडल तापलेलं असलं तरी यात फरक नसे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "चपलेतून काय समजते? क्लच कुठं धरते अन् कुठं सोडते, हे तळपायाला कळलं पायजे." आपला ड्रायव्हर अनवाणी असतो याची एका साहेबांना लाज वाटली, म्हणून त्यांनी मामांना चांगले बूट घेऊन दिले. मामांनी ते आनंदाने घेतले आणि मुलाच्या लग्नात घातले.

नव्वदच्या दशकात मी नवा गुरुजी म्हणून हिंगोलीला आलो, तेव्हापासूनची आमची ओळख. त्यांच्या घरासमोरची खोली मी भाड्याने घेतली होती. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती आणि मामा एका सरकारी कचेरीची जीप चालवत. साहेबांना मिटिंगला परभणीला न्यायचं, मिटिंग संपेपर्यंत झाडाखाली थांबायचं आणि परत आणायचं, यात त्यांची वर्षं चालली होती. खरं नाव पोस्टमनला ठाऊक असेल. गल्लीला ते क्लचमामाच. त्यांचे वडील हट्ट्याजवळच्या एका खेड्यात मेंढरं राखत. मामा म्हणायचे, "बापाचा जलम मेंढरांच्या मागं गेला, माहा साहेबाच्या पुढं. पन कुठं जायचं, ते दोघायलाबी कधी ठरवता आलं न्हाई." हे सांगताना ते हसायचे, पण ते दमलेल्या माणसाचं हसू असे.

मला गाडी शिकायची हौस होती आणि गाडी नव्हती. मामांना ही काही अडचण वाटली नाही. त्यांनी आपल्या ओट्यापुढे तीन विटा मांडल्या, क्लच, ब्रेक आणि अॅक्सिलरेटर म्हणून. वाळूने भरलेल्या डालड्याच्या डब्यात एक काठी खोचली, तो गेअर. पंधरा दिवस शाळेतून आलो की मी ओट्यावर बसून विटा दाबत असे आणि मामा शेजारी बसून "अर्धा क्लच, गुरुजी, अर्धा" असं म्हणत असत. जाणारे-येणारे विचारायचे, गुरुजी कुठवर पोचले? मामा गंभीरपणे सांगायचे, "कळमनुरीच्या अलीकडं हायेत. बोलू नका, घाई व्हते त्यायची." पुढे एका सहकाऱ्याच्या खऱ्या गाडीत बसलो तेव्हा ती पहिल्या झटक्यात उचलली आणि एकदाही बंद पडली नाही. मामांना सांगितलं, तर त्यांनी फक्त विटा उचलून ओट्याखाली ठेवून दिल्या.

अर्ध्या हिंगोलीत कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की मामांना सोबत न्यायची रीत पडली होती. ते बॉनेट उघडत नसत. इंजिन बंद ठेवून, डोळे मिटून पंधरा-वीस वेळा क्लच दाबत आणि मालकाला विचारत, "याच्या आधी कोन चालवत होतं?" त्यांच्या मते माणूस गाडी घेतच नसतो, आधीच्या चालवणाऱ्याचा पाय विकत घेत असतो. गाडी पास झाली की मग घेणाऱ्याची परीक्षा सुरू होई. घरात माणसं किती, गावाकडचा रस्ता कसला, आणि लग्नसराईत गाडीत कोण कोण बसणार, असे तीन प्रश्न ठरलेले. एका कापड दुकानदाराला ते म्हणाले, "शेठ, गाडी झकास हाय. पन तुमच्या मानसायला घेऊन लग्नाला जायचं तं दोन खेपा कराव्या लागतीन, अन् दुसऱ्या खेपंला अक्षदा पडून गेलेल्या ऱ्हातीन." शेठ रागावले आणि त्यांनी मोठी गाडी घेतली. मामांचा शब्द मोडून गाडी घेतलेला माणूस मला तरी आठवत नाही.

मग हिंगोली जिल्हा झाला. साहेब वाढले, दौरे वाढले, जीप मात्र तीच राहिली. कमरेला पट्टा बांधून मामा ती ओढत राहिले. घरी आले की ओट्यावर बसून डावा गुडघा दोन्ही हातांनी चोळायचे आणि म्हणायचे, "दिवसातून हज्जार वेळा दाबला आसंन." निवृत्तीच्या दिवशी सत्काराचा नारळ पिशवीत टाकून ते सायकलवर घरी आले. पस्तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाच्या दारात स्वतःचं वाहन म्हणून तेवढी एक सायकल होती.

निवृत्तीनंतर दोनेक महिन्यांनी ते एका प्राध्यापकांसाठी नांदेडला गाडी बघायला गेले. तिथल्या एका डॉक्टरांच्या मुलाची ती गाडी. लहानशीच, पण लाल, जमिनीलगत बसलेली, रुंद टायरांची, गेअरचा दांडा आखूड आणि इंजिन अंगापेक्षा मोठं. मामांनी तिचा क्लच पाहिला, प्राध्यापकांना तिन्ही प्रश्न विचारले आणि बसस्टँडवरच सांगून टाकलं, घेऊ नका. आठ दिवसांनी ते माझ्या दारात आले. बराच वेळ उन्हाबद्दल बोलले आणि मग म्हणाले, "गुरुजी, ते गाडी अजून तिथंच हाय म्हने."

रविवारी आम्ही दोघं एसटीने नांदेडला गेलो. मालकाने तासाभरासाठी किल्ली दिली. मामांनी चपला काढल्या आणि अर्धापूरच्या रस्त्याला गाडी लावली. जुन्या जीपचा गेअर खाली घेताना क्लच दोनदा दाबावा लागे, त्याशिवाय गेअर करकरत. ती सवय मामांच्या पायात इतकी मुरली होती की इथेही त्यांनी दोनदा दाबला. मग एकदाच दाबून पाहिला. गेअर आवाज न करता पडला. "याला दुसऱ्यांदा दाबावाच लागत न्हाई," ते म्हणाले. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा तेच म्हणाले, या वेळी स्वतःशीच. वळणावर त्यांनी तिसरा टाकला आणि गाडी पुढे ओढली, तेव्हा मला विचारलं, "आयकून राहिले न्हवं? तिसऱ्यात कशी बोलते." मला नुसतं इंजिन ऐकू येत होतं. पण मामांचा चेहरा दिसत होता, आणि तसा तो मी आधी कधी पाहिला नव्हता.

पुढे रस्त्यावर मेंढरं आली. मामा मेंढरांना कधीच हॉर्न देत नसत. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करत आणि शेवटचं कोकरू पार होईपर्यंत बसून राहत. त्या दिवशीही तसंच केलं. मागून येणारा म्हातारा मेंढपाळ काठी टेकवत थांबला, आत वाकून बघत म्हणाला, "बेस हाय. कोनाची हाय गाडी?"

"माही," मामा म्हणाले.

मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. म्हातारा गेल्यावरही मामांनी किल्ली लगेच फिरवली नाही. मग सरळ समोर पाहत त्यांनी मला विचारलं, "घेऊ का गुरुजी? तुमी म्हनसान तसं." ज्याला सगळी हिंगोली विचारत होती, त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याला विचारलं होतं, आणि ते मला विचारलं होतं. विचार करून सांगतो, असं मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मामी आल्या. मागोमाग त्यांचा मुलगा केशव. त्याला पॅसेंजर जीप घ्यायची होती. हिंगोली ते नरसी, भाविकांची ये-जा बारा महिने, त्यात त्याचा संसार उभा राहणार होता. मामांची निवृत्तीची रक्कम एकच आणि ती एकदाच येणार होती. मामी म्हणाल्या, "या वयात लाल गाडी घेऊन काय करून राहिले, सांगा. पायरी चढताना भिताड धरतेत. गुडघा गेला त्यायचा. तुमी सांगितलं तं आयकतीन." केशवचंही काही चुकत नव्हतं.

संध्याकाळी मी मामांच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि सरळ त्यांचेच तीन प्रश्न त्यांना विचारले.

"मामा, घरात माणसं किती?"

"सात."

"गावाकडचा रस्ता?"

"काळी माती. पोट घासंन तिचं."

"लग्नसराईत कोण बसणार?"

ते हसले. "मी अन् तुमची मामी. लय झालं तं अजून दोघं, तेबी पाय दुमडून."

"आणि तुमचा गुडघा? किती दिवस क्लच दाबणार आता?"

त्यांचा हात गुडघ्यावर होता, तो त्यांनी उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "बराबर हाय गुरुजी. मी दुसऱ्याला हेच सांगत असतो." मी घरी आलो तो खुशीत. अवघड गणित पहिल्या फटक्यात सुटल्यासारखं मला वाटत होतं. बायको म्हणाली, बरं केलंत. मामींनी पुरणपोळ्या पाठवल्या आणि मी त्या खाल्ल्या.

जीप आली. केशवने ती नरसीच्या रस्त्यावर दोन वर्षं चालवली, मग धंद्यात गर्दी झाली आणि विकून टाकली. त्याने पुढे किराणा दुकान टाकलं आणि ते बऱ्यापैकी चाललं. मामा त्या जीपमध्ये क्वचितच बसले. लोकांनी गाडी बघायला बोलावलं तर "आता नव्या गाड्या मला समजत न्हाईत" असं सांगून ते टाळू लागले. हळूहळू लोकांनीही बोलावणं सोडलं. लाल गाडीचं नाव आमच्यात पुन्हा निघालं नाही. ते त्यांनी काढलं नाही आणि मी काढू दिलं नाही, असं म्हणणं जास्त खरं.

दरम्यान माझी बदली कळमनुरीला झाली. मामांकडे जाणं सणावारापुरतं उरलं आणि मग तेही राहून गेलं. काही वर्षांनी मी स्वतःची गाडी घेतली. पांढरी, उंच, सगळ्यांना पुरणारी, घेताना कुणाला काही विचारावं लागू नये अशी. ती दाखवायला म्हणून हिंगोलीला गेलो. मामा काठीच्या आधाराने बाहेर आले. डावा पाय सरळच्या सरळ राहत होता, गुडघ्यात वाकतच नव्हता. गाडीभोवती एक चक्कर मारून ते म्हणाले, "चांगली घेतली. तकलीफ देनार न्हाई."

"बसा मामा. एक चक्कर मारा."

"आता कुठं," ते म्हणाले आणि काठीनेच पाय दाखवला.

"कधीपासून असा झाला?"

"औंदा दिवाळीपासून. त्याच्या आधी बराबर होता. पायरी चढताना तेवढी तकलीफ." मग त्यांनी डाव्या हाताच्या बोटांवर अंगठा टेकवत मोजलं. अर्धापूरच्या रस्त्याला आम्ही गेलो ते साल पहिल्या बोटावर आणि ही दिवाळी शेवटच्या बोटाच्या पुढे. "चार वर्षं चालला हो पाय. त्या गाडीनंतर चार वर्षं."

आवाजात राग नव्हता. गाडीचं मॉडेल सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मला मात्र तिथे उभं राहवेना. माणसं, रस्ता, लग्न, सगळं मी विचारलं होतं, आणि त्यांच्या पायाबद्दल तर विचारल्यासारखं करून उत्तर स्वतःच ठरवून टाकलं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "आता मोठ्या शहरांत बिनक्लचच्या गाड्या निघाल्यात मामा. गेअर आपोआप पडतो. डाव्या पायाला कामच नाही. तशी एखादी बघू आपण."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. "गेअरबी तिनंच टाकायचा?"

"हो."

"मग चालवनाऱ्यानं काय करायचं?"

उत्तराची वाट न पाहता मामींना चहा टाकायला सांगायला ते भिंत धरत आत गेले.

पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. मातीला मी होतो. परत येताना माझ्या पांढऱ्या गाडीत गल्लीतली चार माणसं सहज बसली आणि एकजण म्हणाला, जागा छान आहे हो. ती लाल गाडी घेण्यासारखी होती का, हा हिशोब मी अजून अधूनमधून मांडतो. घर बघून, रस्ता बघून, पैसा बघून उत्तर दर वेळी नाही असंच येतं. मी त्यांना चुकीचं काहीच सांगितलं नव्हतं. तरी त्यांची चार वर्षं माझ्याकडे राहिली आहेत, आणि ती कुणाला परत करावीत हे मला कळत नाही.