सल्ला न देण्याची परीक्षा

आमच्या घरातली बाई शेहेचाळिसाव्या वर्षी समुपदेशनात एम.ए. करायला बसली, तेव्हा आमच्या वालूर गावात सगळ्यात जास्त कोण हसलं असेल तर मी. मी म्हणजे शिवकांत, तिचा नवरा. माझं हार्डवेअरचं दुकान आहे आणि दुकानामागेच घर. महानंदाला शिकायची काय गरज, असं मी चारचौघांत विचारायचो, कारण हे काम ती वीस वर्षं फुकटात करतच होती. खिळे घ्यायला आलेला माणूस बायको रुसून माहेरी गेल्याचं माझ्या काउंटरवर सांगायचा आणि आतून ही हात पुसत बाहेर येऊन त्याला तोडगा देऊन मोकळी व्हायची. कुणाच्या सुनेला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, वाटणीच्या भांडणात कोणत्या भावानं आधी बोलायचं, दहावीनंतर पोरीला कुठं घालायचं, सगळ्याची उत्तरं हिच्याकडे तयार. ती बोलायला लागली की समोरच्याला फक्त मान हलवायचं काम उरायचं.

मग एकदा असं झालं की आमच्या गल्लीतली एक नवी लग्न झालेली पोरगी हिच्याकडे रडत आली. हिनं तिला नेहमीसारखं चार शब्द सांगून सासरी परत पाठवलं. आठ दिवसांत ती पोरगी कायमची माहेरी आली, आणि नंतर आमच्या दारावरून जाताना मान खाली घालून जायला लागली. महानंदाला ते फार लागलं. कितीतरी दिवस ती एकच वाक्य म्हणत होती. "मी तिला काय झालं ते विचारलंच न्हाई."

त्यातूनच हे शिक्षणाचं डोक्यात आलं. लांबच्या कुठल्याशा विद्यापीठाचा ऑनलाइन अभ्यासक्रम होता. बी.ए. तिचं लग्नाआधीच झालेलं, त्यामुळे प्रवेश मिळाला. घरात रेंज फक्त गोदामात यायची, म्हणून ती पाइपांच्या थप्पीशेजारी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायची. वर्गातली बाकीची मंडळी शहरातली, फाडफाड इंग्रजी बोलणारी, तिच्या निम्म्या वयाची. हिनं एका वहीत इंग्रजी शब्द आणि पुढे मराठी अर्थ असं लिहीत लिहीत तीन सहामाह्या काढल्या. भाकरी थापता थापता मला सहानुभूती आणि समानुभूती यातला फरक समजावून सांगायची. मला तो अजून नीट कळलेला नाही, पण मार्क तिला चांगले पडत होते.

घोडं अडलं ते शेवटच्या सहामाहीत, प्रात्यक्षिकात. खरोखरच्या माणसांबरोबर बसायचं, त्यांची सही घेऊन बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचं आणि ते मार्गदर्शक बाईंना पाठवायचं. नात्यातलं माणूस चालत नाही. आणि त्या बोलण्यात एकही सल्ला देता कामा नये. अशा तीन संधी. तिन्ही हुकल्या तर प्रात्यक्षिक पुढच्या वर्षी पुन्हा, आणि तोवर पदवी नाही.

मार्गदर्शक होत्या ऋतुजा मॅडम, आमच्या मुलीहून थोड्याच मोठ्या, बोलायला गोड पण कानानं फार तिखट. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांनी महानंदाचे अकरा सल्ले मोजून दाखवले. दुसऱ्याला तर कहरच झाला. समोरची बाई मुलीचं लग्न जमत नाही म्हणून जीव तुटून बोलत होती, आणि हिनं मध्येच सेलूचं एक स्थळ सांगितलं. नुसतं सांगून थांबली नाही. दुसऱ्या फोनवरून तिथं फोन लावला आणि बघण्याचा वारही ठरवून टाकला. ऋतुजा मॅडमनी लिहिलं की हे समुपदेशन नाही. मी दोन दिवस गिऱ्हाइकांना ही गोष्ट सांगून हसवत होतो. ती मात्र हसली नाही.

आता एकच संधी उरली होती. तिनं मला समोर बसवून सराव करायला घेतला. मी आपलं पाइपवाल्या कंपनीचा माल वेळेवर येत नाही असं रडगाणं गायला लागलो, तर दुसऱ्याच मिनिटाला तिनं मला एजन्सी बदलायला सांगितली. मग स्वतःच कपाळावर हात मारून घेतला.

अशात तिला धडा दिला तो माझ्या वडिलांनी. आप्पांचं, म्हणजे शिवाप्पांचं वय ऐंशीच्या पुढे. लोकांच्या घरातलं ऐकून काय करायचंय, असा त्यांचा या शिक्षणाला सरळ विरोध. पण रोज सकाळी कपाळाला विभूती लावून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन ते पूजेला बसले की मग शेजारी भांडण होवो नाहीतर फोन वाजो, तोंडातून अक्षर निघत नाही. एके सकाळी पूजा आटोपल्यावर महानंदानं त्यांना विचारलं, हे तुम्हाला जमतं कसं, काही ऐकूच येत नाही का.

"सगळं ऐकू येतंय," आप्पा म्हणाले. "दूध उतू गेल्यालं, गिऱ्हाईक आल्यालं. आता उत्तर द्यायचं काम माझं न्हाई, येवढं ध्यानात ठिवायचं."

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी त्यांच्या बाजूला बसायला लागली. सरावाच्या वेळी डावा तळहात मांडीवर उताणा ठेवायची. म्हणायची, हात असा उघडा राहिला की बोट उगारता येत नाही. माझं पाइपांचं रडगाणं आता चांगलं दहा मिनिटं चालायला लागलं, आणि खरं सांगतो, सातव्या मिनिटाला मलाच कळलं की माझा राग कंपनीवर नव्हताच. पण ते असो.

तिसरी बाई आली ती बाजाराच्या दिवशी. तिचं नाव मी इथं कस्तुराबाई ठेवतो. खरं नाव लिहायला मला घरातून बंदी आहे. शेतकऱ्याच्या घरची, पन्नाशी उलटलेली, शेजारच्या एका गावातली. बाजाराच्या गर्दीत एक बाई हार्डवेअरच्या दुकानात शिरली तर कुणाला काही वाटत नाही, म्हणून तो दिवस धरला होता. दोघी मागच्या खोलीत गेल्या. मी दाराशी जाऊन कान दिला, हे कबूल करतो. आतून काहीच येईना. इतका वेळ काहीच येईना की मला वाटलं, गेली ही पण संधी. मग कस्तुराबाईंचा आवाज आला, बारीक, तुटक, आणि नंतर रडणं. तेव्हा मात्र मला लाज वाटली आणि मी पुढे येऊन बसलो.

पाऊण तासानं कस्तुराबाई मागच्या दारानं गेल्या. महानंदा बाहेर आली ती वेगळीच दिसत होती. "एकबी सल्ला दिला न्हाई," ती म्हणाली आणि स्टुलावर बसून राहिली. मी समोरून गरम भजी मागवली. आप्पांनीसुद्धा दोन खाल्ली.

भजी संपायच्या आत कस्तुराबाई परत आल्या, या वेळी पुढच्या दारानं. मला आधी दोरी दाखवा म्हणाल्या. मी दोरी काढेपर्यंत त्यांनी महानंदाला जवळ बोलावलं.

"ते फोनातलं पुसून टाका, बाई. तुमच्या म्याडमलाबी ऐकू देऊ नका. मला दम निघंना."

मी मध्ये पडलो. माझा स्वभावच तसा. तुमची सही आहे, मॅडम लांब राहतात, नाव कुठंच नाही, असं मी भराभर समजवायला लागलो. महानंदानं माझ्याकडे न बघता हाताचा पंजा दाखवून मला गप्प केलं. फोन काढला, कस्तुराबाईंच्या समोर धरला आणि ते रेकॉर्डिंग पुसलं. पुसलेलं जिथं साठून राहतं तेही उघडून रिकामं केलं आणि त्यांना दाखवलं. थांबा म्हणाली नाही, विचार करा म्हणाली नाही. कस्तुराबाई दोरी तिथंच विसरून गेल्या.

त्यानंतर मी जे बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. आठवड्यावर मुदत आलेली, दुसरी बाई कुठून आणणार, दोन वर्षांची मेहनत एका बोटानं घालवलीस, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"त्या बाईनं आजवर कुणाला सांगितलं न्हवतं," एवढंच म्हणाली.

काय सांगितलं नव्हतं, मी विचारलं. ती भज्यांची ताटली उचलून आत गेली. चोवीस वर्षांत माझ्यापासून झाकून ठेवलेली तिची ही पहिली गोष्ट. मी रागानं दोन दिवस अबोला धरला, पण तिला आता गप्प बसण्याची सवय झाली होती, त्यामुळे त्रास माझा मलाच झाला.

महानंदानं झालं ते कळवलं, त्यावर ऋतुजा मॅडमचं उत्तर आलं. नकार देणं हा त्या बाईंचा हक्क आहे आणि तुम्ही केलंत तेच बरोबर, असं त्यांनी लिहिलं होतं. पण रेकॉर्डिंग नाही तर मार्क नाहीत, प्रात्यक्षिक पुढच्या वर्षी. मी तावातावानं त्यांना लिहायचा मजकूर तयार केला, तो महानंदानं पाठवू दिला नाही. संध्याकाळी कणीक मळताना ती रडली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. तिला जवळ घ्यावं असं फार वाटलं आणि मी दुकानात निघून गेलो.

मला राहवत नाही ते नाहीच. येईल त्याला मी सांगत सुटलो की आमच्या बाईनं एका माणसाच्या शब्दासाठी नापास होणं पत्करलं, कुणाचं ते विचारू नका, काय ते मलाच माहीत नाही. मी हे चिडून सांगत होतो. पण त्यानंतर बाजाराच्या दिवशी एकेक बाई दुकानात यायला लागली. नको असलेली कडी घ्यायची, नको असलेला ब्रश घ्यायचा आणि मग हळूच विचारायची, वहिनी आहेत का आत. दोन पुरुषही आले. एक तर असा माणूस की ज्याला मी वीस वर्षांत चार वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं. आत जाणारा प्रत्येक माणूस अर्ध्या-पाऊण तासानं बाहेर यायचा आणि मी खाली मान घालून खिळे मोजत बसायचो.

गेल्या महिन्यात एका दुपारी मी शटर अर्धं ओढलं आणि मागच्या खोलीत जाऊन तिच्या समोरच्या खुर्चीवर बसलो. तिला वाटलं मी चहा मागायला आलो. म्हटलं, मला बोलायचंय. नात्यातलं माणूस चालत नाही, ती म्हणाली. मार्कात धरू नकोस, मी म्हणालो.

मग मी तिला सांगितलं की मी बी.कॉम. झालेलोच नाही. लग्नाच्या वेळी तिचे वडील, जे स्वतः मास्तर होते, पदवीधर जावईच पाहिजे म्हणून बसले होते आणि आमच्याकडून तसं सांगितलं गेलं. खरं म्हणजे मी दुसऱ्या वर्षाला दोनदा नापास होऊन घरी बसलेला. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिनं परभणीला एम.ए.ला जाते म्हटलं होतं, तेव्हा मीच तिला म्हणालो होतो की मी पदवी घेऊन काय केलं, खिळेच विकतोय ना. तिनं ते खरं मानून पुस्तकं कपाटात ठेवली. आणि या अडीच वर्षांत ती गोदामात जाऊन बसली की मला दर वेळी आपलं खोटं उघडं पडेल अशी भीती वाटायची, आणि ती भीती मी लोकांना हसवून काढायचो.

तिचा चेहरा बदलत गेला. नाकाचा शेंडा लाल झाला. तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. मला ते सहन होईना.

"तुला राग न्हाई आला?" मी विचारलं.

"आला," ती म्हणाली. "लय आला. पर आत्ता तुमी बोलायलाव."

आणि ती खुर्ची थोडी पुढे ओढून बसली. मग मी तिला उरलेलं सांगितलं, पाइपांच्या रडगाण्यात सातव्या मिनिटाला कळलेलं तेसुद्धा.