फळ्यावरचं ‘सगळं ठीक’

मी तापट आहे, हे भोसरीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दुपारी आमच्या बॉस मॅडमशी भांडले ती नुसती तापटपणाने नाही. माझं म्हणणं बरोबर होतं. वेगाच्या बाबतीत तर ते आजही बरोबर आहे.

जुन्या पॉवर प्रेसना बसवायचा एक डबा आम्ही करत होतो. पत्रा दाबणाऱ्या त्या प्रेसखाली कुणाचा हात गेला, तर डब्याने तिला जागच्या जागी थांबवायचं. डब्यात ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम होती; फुकट, उघडी. तिच्यातलं हवं तेवढंच घेऊन आम्ही आमच्यापुरती छोटी सिस्टिम बांधली होती. तिच्यावर दोन प्रोग्रॅम. एक सेन्सर वाचून आत हात आहे का ते सांगणार, दुसरा प्रेस चालवणार. आता पहिल्याने दुसऱ्याला सांगायचं कसं? सिस्टिममध्ये त्याचे बरेच रस्ते आयते असतात, निवडायचा आपण. पहिला डबा चाकणला जायचा होता, आणि ज्या प्रेसवर तो बसणार होता तिच्यावर माझा सख्खा दादा काम करतो.

म्हणून मला सगळ्यात वेगवान रस्ता हवा होता, शेअर्ड मेमरीचा. मेमरीचा एक तुकडा दोघांत सामायिक. एकाने लिहायचं, दुसऱ्याने वाचायचं. मॅडम म्हणाल्या, सॉकेट वापरू. म्हणजे दोघांत थेट जोडणी, फोन लावून ठेवल्यासारखी.

“अहो मॅडम, हळू आहे ते!” मी ओरडलेच. “हात माझ्या भावाचा आहे, तुमच्या नाही!”

दुसरं कुणी असतं तर मला घरचा रस्ता दाखवला असता. मॅडम उठल्या आणि कँटीनमधून दोन काकड्या घेऊन आल्या.

टेस्टिंगच्या छोट्या प्रेसवर आधी माझी पद्धत लावली. लांब चिमट्यात धरून काकडी आत सरकवली, प्रेस थांबली. “बघा!” मी म्हणाले. मॅडमनी काकडी बाहेर काढली. स्क्रीनवर ‘हात नाही’ आलं, आणि त्याच वेळी त्यांनी सेन्सर वाचणारा प्रोग्रॅम मुद्दाम मारून टाकला. मग काकडी पुन्हा आत. स्क्रीनवर ‘हात नाही’ तसंच. प्रेस धाडकन खाली आली. काकडीचा पार चेंदामेंदा झाला, पाणी माझ्या चष्म्यावर उडालं.

“तुझा दादा शिफ्ट संपल्यावर कसा निघतो गं?” मॅडमनी शांतपणे विचारलं.

“पुढचा माणूस समोर येऊन ‘घेतलं’ म्हणेपर्यंत मशीन सोडत नाही. तिकडची रीतच आहे ती.”

“आणि नुसतं फळ्यावर ‘सगळं ठीक’ लिहून चक्कर येऊन पडला तर?”

फळा तेच सांगत राहिला असता, माझ्या मेमरीच्या तुकड्यासारखा. सॉकेटमध्ये पलीकडचा प्रोग्रॅम मेला की सिस्टिमच जोडणी तोडते आणि अलीकडच्याला ते लगेच कळतं. मेला नाही, नुसता अडकला, तरी पलीकडून क्षणाक्षणाला येणारं ‘आहे’ थांबताच प्रेस थांबवायची, हेही मॅडमनी त्यात घातलं. मग सॉकेट लावून तोच प्रयोग केला. प्रोग्रॅम मारला, प्रेस तिथेच थांबली. दुसरी काकडी आम्ही मीठ लावून खाल्ली. काय बाई आहे राव! मी एवढी तोंड सोडून बोलले, पण हिने आवाजसुद्धा चढवला नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्या शेजारचं टेबल सोडलेलं नाही.

डबा बसल्यावर काही आठवड्यांनी दादाचा फोन आला, भर शिफ्टमध्ये.

“काय भंगार दिलंयत तुम्ही! पत्रा बसवायला हात आत घातला आणि तुझा डबा लाल दिवा लावून बसला. म्हणे सेन्सरचा प्रोग्रॅम बंद पडलाय. लाइन उभी आहे, सुपरवायझर माझ्या नावाने बोंबलतोय!”

मी खुर्चीत बसले.

“दादा, फोन कुठल्या हातात धरलायस?”

“उजव्या. का गं?”

“आणि डावा?”

“डाव्याने घाम पुसतोय! डोकं फिरलंय का तुझं?”

फोन तसाच मॅडमकडे दिला. तिकडून दादाच्या शिव्या चालूच होत्या. मॅडमनी त्या ऐकल्या, मग डोळे पुसून म्हणाल्या, “घाला शिव्या भाऊ, अजून घाला.”